स्पेनमधला माणूस धमकावतोय. तक्रारीत ‘ब्लॅकमेल’साठी कोणता शब्द लिहू?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुम्ही क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, काम करता, साइन ऑफ होऊन (बोटीवरची ड्यूटी संपवून) सध्या गुहागरकडे गावी आला आहात. शिप बार्सिलोनाला लागायची तेव्हा शोर लीव्हमध्ये, बंदरावर उतरायच्या सुट्टीत, एका माणसाशी ओळख झाली. त्याच्याकडे तुमचे काही खाजगी फोटो आणि चॅट आहेत. एकदा तुम्ही त्याला पैसे पाठवलेत. आता तो पुन्हा पंधराशे युरो मागतोय, नाहीतर सगळं बायकोला आणि कंपनीला पाठवीन म्हणतोय. स्पेनच्या पोलिसांकडे तक्रार द्यायची आहे, पण डिक्शनरीत ‘ब्लॅकमेल’पुढे चान्ताखे आणि एक्स्तोर्सिओन असे दोन शब्द आहेत. त्यातला कुठला लिहायचा, हा तुमचा प्रश्न.

तुमच्या बाबतीत शब्द आहे चान्ताखे. पण तेवढं सांगून थांबले तर तुमचं नुकसान होईल. योग्य शब्द सापडला की तक्रार पक्की झाली, असं तुम्ही धरून चाललेले दिसता. मी रत्नागिरीत राहून स्पॅनिशचं कायदेशीर भाषांतर करते. येणारी माणसं बहुतेक शिपवरची किंवा त्यांच्या घरची. करारपत्रं, मेडिकलचे कागद, पोलीस रिपोर्ट, आणि मधूनच तुमच्यासारखं एखादं प्रकरण. तिथले पोलीस तुम्ही लिहिलेल्या शब्दावरून गुन्हा ठरवत नाहीत, घटनेवरून ठरवतात. त्याने काय मागितलं, दिलं नाही तर काय करीन म्हणाला, आणि तुम्ही आजवर काय दिलंत, एवढं स्वच्छ लिहिलेलं असेल तर ‘ब्लॅकमेल’ हा शब्द एकदाही न येता तक्रार पूर्ण होते. ते धूसर असेल तर शब्द कितीही अचूक असो, अधिकारी पहिल्यापासून प्रश्न विचारायला लागतो.

तरी दोन्ही शब्दांतला फरक समजून घ्या, कारण जबाब घेताना समोरचा माणूस हेच शब्द वापरेल. चान्ताखे म्हणजे गुपित फोडण्याची भीती घालून काहीतरी उकळणं. हा शब्द फ्रेंचमधून आला, मुळात अर्थ ‘गायला लावणं’. एक्स्तोर्सिओन आपल्या ‘खंडणी’च्या जवळचा. मारहाणीच्या किंवा दहशतीच्या जोरावर माणसाला पैसे द्यायला, सही करायला, व्यवहार सोडायला लावणं. इंग्रजी ‘ब्लॅकमेल’ची सुरुवात खरं तर याच अर्थाने झाली. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून ‘तुम्हाला लुटणार नाही’ म्हणून वसुली करत, तिचं हे नाव. त्यातल्या ‘मेल’चा टपालाशी संबंध नाही, तो खंड-भाडं अशा अर्थाचा जुना स्कॉटिश शब्द आहे. पुढे इंग्रजी शब्द गुपितांकडे सरकला आणि आज तो दोन्ही कामं करतो. म्हणून डिक्शनरीत समोर दोन स्पॅनिश शब्द दिसतात.

तुमची शिप पुढे कॅरिबियनकडे जात असेल तर हेही लक्षात असू द्या. लॅटिन अमेरिकेत एक्स्तोर्सिओन रोजच्या बातम्यांत असतो, दुकानदारांकडून टोळ्या घेतात त्या हप्त्यासाठी. कोलंबिया-इक्वेडोरकडे त्या हप्त्याला बाकुना म्हणतात, म्हणजे शब्दशः लस. मेक्सिकोत कोब्रो दे पिसो. तिथे कुणी बाकुना म्हणालं तर दवाखान्याचा विषय आहे असं समजू नका.

आता कायदा. स्पेनच्या 1995 च्या दंडसंहितेत तुमचं प्रकरण कलम 171 च्या दुसऱ्या परिच्छेदात बसतं. तिथे ‘चान्ताखे’ हा शब्द छापलेलाच नाही. हा गुन्हा आमेनासास, म्हणजे धमक्यांच्या प्रकरणात आहे. चान्ताखे हे वकिलांनी आणि लोकांनी त्याला दिलेलं नाव. कलमाचा गाभा असा : एखाद्याच्या खाजगी आयुष्याबद्दलची किंवा कौटुंबिक संबंधांची, जाहीर नसलेली आणि त्याच्या नावाला, विश्वासार्हतेला किंवा हिताला बाधा आणणारी गोष्ट उघड करीन अशी धमकी देऊन रक्कम किंवा मोबदला मागणं. मागितलेलं सगळं किंवा काही भाग मिळाला असेल तर शिक्षा दोन ते चार वर्षं. काहीच मिळालं नसेल तरी चार महिने ते दोन वर्षं. म्हणून पहिल्या वेळी पैसे पाठवले ही गोष्ट लपवू नका. ‘मी मूर्खासारखे दिले’ म्हणून लोक नेमका तोच भाग गाळतात, आणि शिक्षा ज्यावर वाढते तो भाग तोच असतो. एक्स्तोर्सिओन वेगळ्या ठिकाणी आहे, कलम 243 मध्ये, आणि तिथे हिंसा किंवा दहशत घालून मालमत्तेचं नुकसान होईल असा व्यवहार करायला लावणं सिद्ध व्हावं लागतं. कुठलं कलम लावायचं ते त्यांचं काम. तुम्ही स्वतःहून ‘एक्स्तोर्सिओन’ लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल, मारहाण झाली का, हत्यार दाखवलं का.

त्याच कलमाचा तिसरा परिच्छेद फार थोड्या लोकांना माहीत असतो. समजा धमकी तुमच्याच एखाद्या गुन्ह्याचा बोभाटा करण्याची आहे. तर धमकी देणाऱ्याला शिक्षा होणं सोपं जावं म्हणून सरकारी वकील तुमच्या त्या गुन्ह्याबद्दल आरोप न ठेवण्याचा निर्णय घेऊ शकतो. मात्र त्या गुन्ह्याची शिक्षा दोन वर्षांहून जास्त असेल तर हे लागू नाही. चॅटमध्ये असं काही असेल तर आधी तिथल्या वकिलाशी बोला, मग जबाब द्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सगळ्यात मोठी म्हणजे उसनवारी. तुम्ही कधी त्याच्याकडून पैसे घेतले होते का? खरं देणं असेल आणि तो ‘परत कर, नाहीतर कोर्टात जातो’ म्हणत असेल, तर तो हक्काची भाषा बोलतोय. ‘परत कर, नाहीतर बायकोला फोटो पाठवतो’ म्हणाला, तर देणं खरं असूनही धमकी बेकायदेशीरच राहते. आपल्याकडे ‘ब्लॅकमेल’ हा शब्द सढळ वापरला जातो, त्यामुळे ही रेघ पुसट होते. सामाईक सातबाऱ्यावर मुंबईचा चुलतभाऊ ‘माझ्या हिश्शाचे पैसे टाका, मग सही देतो’ म्हणाला की घरात लगेच ‘ब्लॅकमेल करतो’ सुरू होतं. त्याची सही हा त्याचा हक्क आहे, त्यात गुन्हा नाही. गणपतीला आला नाहीस तर मी जेवणार नाही, हे आईचं म्हणणं स्पॅनिशमध्येही चान्ताखे एमोसिओनाल, म्हणजे भावनिक ब्लॅकमेलच आहे, पण ते पोलिसात चालत नाही. तुमची तक्रार या रेघेच्या पलीकडची आहे, हे वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे.

आता मेसेज. माझ्या मते प्रकरण इथेच उभं राहतं किंवा पडतं. तुम्ही मला दाखवायला पाठवलेल्या त्याच्या ओळींपैकी ही एक : ‘सि नो मे पागास आन्तेस देल बिएर्नेस, से लो मान्दो तोदो आ तु मुखेर.’ शुक्रवारच्या आत पैसे दिले नाहीस तर सगळं तुझ्या बायकोला पाठवतो. यात मागणी आहे, मुदत आहे, धमकी आहे. ही ओळ सोन्यासारखी जपा. पण त्याच्या खालची ओळ बघा : ‘ते बास आ एन्तेरार.’ मोबाइलवरच्या भाषांतराने तिचा अर्थ ‘तुला माहिती मिळेल’ असा दिला आणि तुम्ही ती निरुपद्रवी समजून यादीतून वगळलीत. स्पॅनिश माणूस रागात हे म्हणतो तेव्हा अर्थ होतो, ‘मग बघच तुझं काय करतो ते.’ ‘तू बेरास’ही तसंच. शब्दशः ‘तू पाहशील’, बोलण्यात ‘तुझं तू ठरव, पुढचं मग माझ्याकडे मागू नको.’ अशा ओळी मशीनच्या हाती दिल्या की धमकी गळून पडते आणि नुसती माहिती उरते.

उलट दिशेनेही तेच होतं. तुमच्या बायकोला त्याने कुणाकडून तरी मराठीत ‘तुम्हाला बघून घेईन’ असा निरोप पाठवला आहे, असं तुम्ही म्हणता. तो स्पॅनिशमध्ये शब्दाला शब्द लावून नेला तर ‘तुम्हाला भेटेन’ असं काहीतरी होईल, आणि वाचणाऱ्याला त्यात आमंत्रण दिसेल. इथे भाषांतरकाराने धमकीला धमकीचंच रूप द्यायचं असतं आणि मूळ मराठी वाक्य शेजारी तसंच ठेवायचं असतं. म्हणून माझा नियम असा की त्याच्या स्पॅनिश मेसेजना हात लावायचा नाही. शुद्धलेखनाच्या चुका, इमोजी, शिव्या, सगळं जसंच्या तसं. तक्रारीत ‘त्याने मला धमकावलं’ हे तुमचं वाक्य असतं. ‘से लो मान्दो तोदो’ हे त्याचं असतं, आणि वजन त्याला आहे.

तुमच्या उत्तरांबद्दलही एक सांगायचं आहे. तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, ‘तुझे पैसे देतो, थोडं थांब.’ कोकणी माणूस भांडण टाळायला असं बोलून जातो, त्यात काही वाईट नाही. पण स्पॅनिशमध्ये ‘तु दिनेरो’, तुझे पैसे, असं आलं की वाचणाऱ्याला वाटतं हे देणंच होतं. पाठवलेला मेसेज पुसू नका. तक्रारीत सरळ लिहा की मी त्याचं काही देणं लागत नाही, आणि तो मेसेज वेळ काढण्यासाठी होता. यापुढे त्याला काहीच लिहू नका, ब्लॉक करण्याआधी मात्र सगळं जपून ठेवा.

आकड्यांकडे बारीक लक्ष द्या. स्पेनमध्ये हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. तुम्ही कागदावर 1,500 युरो असं लिहिलंय. तिथला माणूस ते दीड युरो वाचू शकतो. 1.500 किंवा सरळ 1500 लिहा, आणि पुढे अक्षरी ‘मिल किनिएन्तोस’. नावाचाही घोळ होतो. त्यांच्या फॉर्मवर दोन आडनावांच्या जागा असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. आपण तिथे वडिलांचं नाव भरतो आणि मग एका कागदावर एक माणूस, दुसऱ्यावर दुसरा. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे भरा, दुसऱ्या आडनावाची जागा मोकळी सोडा.

तक्रार कुठे द्यायची हे तुम्ही कुठे आहात यावर ठरतं. आज तुम्ही गावी आहात आणि मेसेज इथल्या फोनवर येतायत, म्हणून पहिलं पाऊल इथेच. पैसे गेले असतील तर 1930 या हेल्पलाइनवर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. व्यवहार ताजा असेल तितका उपयोग जास्त. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘हे बार्सिलोनाचं आहे, तिकडे जा’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिच्यात कलम 308 याच गोष्टीसाठी आहे. कागदोपत्री मराठीत त्याला बलाद्ग्रहण म्हणतात. बदनामीकारक मजकूर छापीन अशी धमकी देऊन पैसे घेणं हे त्या कलमातलं पहिलंच उदाहरण आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. आपल्याकडे पैसे प्रत्यक्ष दिले गेले की हा गुन्हा पूर्ण होतो. नुसती मागणी झाली असेल तर त्याच कलमाचा पुढचा भाग आणि धाकदपटशाचं कलम 351 लागतं. तुमच्याकडे दोन्ही आहे : आधीचे दिलेले पैसे आणि आताची मागणी. दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदात लिहा.

स्पेनमध्ये तुम्ही प्रत्यक्ष असाल तेव्हा पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीचं नाव देनुन्सिया. हा शब्द पाठ असू द्या. देमान्दा म्हणजे दिवाणी दावा आणि केरेया म्हणजे वकिलामार्फत कोर्टात दाखल होणारी फौजदारी तक्रार. दोन्ही आत्ता तुमच्या कामाच्या नाहीत. बार्सिलोना कातालोनियात येतं आणि तिथले पोलीस म्हणजे मोसोस द एस्क्वाद्रा. स्पॅनिश येत नाही म्हणून अडून बसू नका. स्पेनच्या 2015 च्या पीडितांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने (क्रमांक 4/2015) भाषा न येणाऱ्या तक्रारदाराला मोफत भाषासाहाय्य आणि दिलेल्या तक्रारीच्या प्रतीचं लेखी भाषांतर मिळण्याचा हक्क आहे. ‘इन्तेर्प्रेते, पोर फाबोर’ म्हणा आणि थांबा. ज्यातलं तुम्हाला कळलं नाही अशा जबाबावर सही करू नका. शिप संध्याकाळी सुटणार आहे ही घाई मला समजते, म्हणून तर कागद आधी तयार ठेवायचे.

इथूनच वकिलामार्फत तिकडे काही दाखल करायचं ठरलं, तर खास मुखत्यारपत्र लागेल आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का. भारत आणि स्पेन दोघेही अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे वकिलातीच्या शिक्क्यांची लांब साखळी लागत नाही. त्या कागदाचं भाषांतर मात्र तिथल्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून झालेलं मागतात, त्रादुक्तोर खुरादो. माझं भाषांतर तिथे अधिकृत म्हणून चालणार नाही. वकिलाला प्रकरण समजावं एवढ्यासाठी ते उपयोगी आहे, आणि मी तेवढ्याचेच पैसे घेते.

नंबर +34 ने, स्पेनच्या कोडने, सुरू होतो म्हणजे माणूस स्पेनमध्येच आहे असं धरून चालू नका. तुमचा माणूस ओळखीचा आहे, तुम्ही त्याला भेटलात, म्हणून त्याचं नाव, भेटण्याची ठिकाणं, पैसे ज्या नावावर गेले ते नाव, हे सगळं द्या. नुसत्या ऑनलाइन ओळखीतून असं झालं असेल, तर समोरचा बहुधा कुठल्या तिसऱ्याच देशात असतो. मग स्पॅनिश तक्रारीवर वेळ घालवण्याआधी 1930 आणि इथलं ठाणं.

पैशाचं मी अनेकांच्या चॅटमध्ये पाहिलं आहे. पहिल्यांदा दिले की मागणी बंद होत नाही, मोठी होते. तुमच्यातही तसंच झालं. पुढचे पंधराशे पाठवू नका. मनी ट्रान्स्फरची जुनी पावती, तारीख, घेणाऱ्याचं नाव काढून ठेवा. चॅटचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे घ्या, चॅट एक्स्पोर्ट करा आणि मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. फोटो सोशल मीडियावर टाकण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सामील असलेले प्लॅटफॉर्म तो ठसा जुळवून फोटो अडवतात. अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी आहे. खाजगी मेसेजमधून थेट बायकोला पाठवलेलं मात्र त्यात अडत नाही.

म्हणून हे मला सांगावंच लागतं, विचारलं नसलं तरी. त्याच्या हातात एकच हत्यार आहे, बायकोला कळेल ही भीती. ही गोष्ट तिला त्याच्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळली तर ते हत्यार गेलं. सोपं नाही, मला ठाऊक आहे. वाडीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, आणि सासर-माहेर एकाच तालुक्यात असलं की आणखीच. कुठल्या घरात हे कसं घेतलं जाईल ते बाहेरच्याने सांगू नये. पण ज्या घरांत नवऱ्याने आधी स्वतः सांगितलं, तिथे पुढची सगळी कागदपत्रं नवरा-बायकोने मिळून माझ्याकडे आणलेली मी पाहिली आहेत. आधी भावाला किंवा विश्वासातल्या मित्राला सांगा, मग घरी. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. फोन करा, त्यात कमीपणा नाही.

कंपनीबद्दल : तिथे कळल्यावर काय होईल ते करारावर आणि त्या फोटोंत काय आहे त्यावर अवलंबून आहे. करारपत्रातलं वर्तणुकीचं कलम मला दाखवा, त्याशिवाय मी अंदाज करणार नाही. तुम्ही गुन्ह्याचे बळी आहात असं सांगणारी पोलीस नोंद हातात असेल तर पुढच्या जॉइनिंगच्या वेळी बोलायला तुमच्याकडे कागद असतो.

आता मसुदा मराठीतच लिहा, स्पॅनिशची काळजी नंतर. तारखेवार लिहा, एका परिच्छेदात एकच घटना. विशेषणं नकोत, ‘नीच’, ‘हरामखोर’ वगैरे मनात असलं तरी कागदावर नको. सुरुवात अशी करता येईल : ‘अमुक तारखेला अमुक नंबरवरून मला मेसेज आला. त्यात अमुक रक्कम अमुक दिवसापर्यंत मागितली. न दिल्यास माझे खाजगी फोटो माझ्या पत्नीला पाठवीन असं म्हटलं. मेसेजची प्रत सोबत जोडली आहे, क्रमांक 1. मी या व्यक्तीचं कोणतंही देणं लागत नाही.’ प्रत्येक स्क्रीनशॉटला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक मजकुरात टाका. हा मराठी मसुदा इथल्या ठाण्यात तसाच चालेल, आणि स्पॅनिशमध्ये नेताना मला किंवा दुसऱ्या कुणाला तुमच्या मनातलं ओळखत बसावं लागणार नाही.